तो वेळ, ती वेळ, तीन वेळा : 'टाइम'चं फ्रेंच करताना

इंग्रजी 'टाइम'ला फ्रेंच शब्द शोधायला गेलं की शब्दकोशात पहिल्याच ओळीत 'ताँ' सापडतो. स्पेलिंग टी-ई-एम-पी-एस. शेवटचे पी आणि एस उच्चारात येत नाहीत, एम नुसता नाकात घुमतो. बारावीला फ्रेंच घेतलेली मुलं हा शब्द पाठ करतात आणि जिथे जिथे टाइम दिसेल तिथे तिथे ताँ ठोकून मोकळी होतात. मग 'किती वाजले' विचारायचं तर 'तुम्हाला सवड आहे का' विचारून होतं. 'आम्ही तीनदा भेटलो' लिहायला जावं तर वाक्यात फोर स्ट्रोक इंजिनाचा वास येतो. तो कसा, ते पुढे येईलच.

फ्रेंचमध्ये या एका शब्दासाठी रोजच्या वापरातले निदान पाच शब्द आहेत : ताँ, अऽर, फ्वा, मोमाँ, एपोक. शिवाय कार्यालयीन मजकुरात देले आणि द्युरे. कुठे कोणता घ्यायचा हे इंग्रजीतून विचार करणाऱ्याला एकेक वाक्य घोकून शिकावं लागतं. मराठी माणसाला तेवढी घोकंपट्टी लागत नाही, कारण यातली बरीचशी विभागणी मराठीत आधीच झालेली आहे. नागपुरात फ्रेंचचे वर्ग बहुधा इंग्रजीतून चालतात, त्यामुळे घरातलीच किल्ली कोणी वापरत नाही.

आधी उच्चारांच्या लिखाणाविषयी थोडं. इथे 'ँ' आला की स्वर नाकातून काढायचा. 'अऽ' म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला अ. 'झ' हा झीरोमधला, आणि 'ज' मऊ, इंग्रजी 'प्लेझर' शब्दात मधे ऐकू येतो तसा. बाकी उच्चार कानाने पक्के करावेत, देवनागरी तिथे अपुरीच पडते.

पहिलं काम : वाक्यातून 'टाइम' हाकला

नागपुरी बोलण्यात टाइम सगळीकडे चालतो. 'टाइम नाही बाप्पा', 'जायचा टाइम झाला', 'टाइम काय झाला?', 'त्या टाइमाले'. बोलायला काहीच हरकत नाही, पण भाषांतर करताना हाच शब्द घात करतो. कारण मराठीत शिरताना टाइम सरसकट पुल्लिंगी झाला : माझा टाइम गेला, जायचा टाइम झाला. मूळच्या मराठी शब्दाला मात्र दोन लिंगं आहेत. माझा वेळ गेला, पण जायची वेळ झाली. थोड्या वेळाने, पण वेळेवर. खूप वेळ लागला, पण वेळ चुकली.

हा फरक व्याकरणाच्या पुस्तकापुरता नाही. 'तो वेळ' म्हणजे मोजता येणारा, खर्च होणारा, पुरणारा किंवा कमी पडणारा कालावधी. 'ती वेळ' म्हणजे घड्याळातला किंवा प्रसंगातला ठरावीक बिंदू. आणि 'वेळा' हे अनेकवचन आकड्यानंतर आलं की ती आवृत्ती असते, म्हणजे किती वेळा, कितीदा. फ्रेंचने याच जागी तीन वेगळे शब्द ठेवले आहेत :

तो वेळ – ताँ.
ती वेळ – अऽर, नाहीतर मोमाँ.
तीन वेळा, तीनदा – फ्वा.

म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की आधी ते टाइम न वापरता मराठीत म्हणा. 'हाउ मच टाइम' म्हणजे किती वेळ, तर 'कोंब्यँ द ताँ'. 'हाउ मेनी टाइम्स' म्हणजे कितीदा, तर 'कोंब्यँ द फ्वा'. 'व्हॉट टाइम' म्हणजे किती वाजता, तर 'आ केलऽर'. 'किती वेळ' आणि 'किती वेळा' यांत एका कान्याचं अंतर आहे, म्हणून मनातल्या मनात 'कितीदा' म्हणून पाहावं. 'दा' लागला आणि अर्थ टिकला, तर फ्वा पक्का.

तो वेळ : ताँ

वेळ असणं, नसणं, जाणं, वाचणं, घालवणं या सगळ्यांना ताँ लागतो. मात्र त्याच्या आधी काय येतं हे नीट बघा, चुका तिथेच होतात. एखाद्या ठरावीक कामासाठी वेळ असेल किंवा नसेल तर 'ल ताँ' आणि पुढे 'द' लावून क्रियापद : 'ज ने पा ल ताँ द माँजे', मला जेवायला वेळ नाही. नुसता मोकळा वेळ आहे, थोडाफार वेळ आहे असं असेल तर 'द्यु ताँ' : 'जे द्यु ताँ'. 'जे ताँ' असं मधे काहीच न घालता कधी येत नाही. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपल्याकडून ते हमखास गळतं.

क्रियापदांच्या जोड्या पाठ कराव्यात अशा आहेत. वेळ वाया घालवणं 'पेर्द्र द्यु ताँ', वेळ वाचवणं 'गान्ये द्यु ताँ', वेळ घालवणं 'पासे द्यु ताँ'. शेवटच्या जोडीत इंग्रजी 'स्पेंड' आडवा येतो. स्पेंडला फ्रेंच शब्द 'देपाँसे' असा पाठ असतो, पण तो पैशांच्या खर्चाचा. मराठीप्रमाणे फ्रेंचमध्येही पैसे खर्च करायचे आणि वेळ घालवायचा.

'खूप वेळ'चे दोन प्रकार आहेत. 'माझ्याकडे खूप वेळ आहे' म्हणजे साठा, तिथे 'बोकू द ताँ'. 'मी खूप वेळ थांबलो' म्हणजे लांबलेली क्रिया, तिथे 'लोंताँ', आणि तो एकच जोडशब्द. 'लाँग टाइम' पाहून तो तोडून दोन शब्दांत लिहिला की पेपरात लाल गोल ठरलेला.

लागणं हे क्रियापद आलं की सावध व्हा. 'वर्ध्याला जायला दीड तास लागतो' असं सर्वसाधारण विधान असेल तर 'इल फो यूनऽर ए दमी पूर आले आ वर्धा'. 'मला वर्ध्याहून यायला दीड तास लागला' असं एका माणसाचं, एका खेपेचं असेल तर 'मेत्र' हे क्रियापद : 'जे मी यूनऽर ए दमी पूर व्हनीर द वर्धा'. दुसऱ्या वाक्यात कर्ता माणूस होतो, तास होत नाहीत.

ती वेळ : घड्याळ आलं की अऽर

स्पेलिंग एच-ई-यू-आर-ई, शब्द स्त्रीलिंगी, एच मुका. हा लॅटिन 'होरा'वरून आला आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला. आपल्या ज्योतिषातला 'होरा'ही ग्रीकमधूनच संस्कृतात आला. तेव्हा हा शब्द अगदीच परका नाही. पंचांग बघणाऱ्या घरात तो केव्हाच येऊन बसलेला आहे.

सर्वांत जास्त घोटाळा होणारी ही दोन वाक्यं :

'व्हू झाव्हे लऽर?' – किती वाजले, सांगता का?
'व्हू झाव्हे ल ताँ?' – तुम्हाला वेळ आहे का?

इंग्रजीत दोन्हींतला फरक एका 'द'वर तोललेला आहे, म्हणून तिथून येणारा अडखळतो. अनोळखी माणसाला दुसरं वाक्य विचारलं तर तो तुमच्या पुढच्या बोलण्याची वाट पाहत उभा राहील. तिसरी गल्लत याहून गमतीची. 'केलऽर एतिल?' म्हणजे किती वाजले, तर 'केल ताँ फेतिल?' म्हणजे हवा कशी आहे. होय, ताँ म्हणजे हवामानसुद्धा. मे महिन्यातल्या नागपुरात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'इल फे त्रे शो', फार ऊन आहे, किंवा सरळ 'इल फे काराँत-सँक दग्रे', ४५ अंश. हवेबद्दल बोलताना 'फे' हे क्रियापद येतं, वाजण्याबद्दल बोलताना 'ए'. ती खूण धरली तर गोंधळ राहत नाही.

अऽर म्हणजे वाजणं आणि अऽर म्हणजेच तासही. 'यूनऽर' एक तास, 'आ यूनऽर' एक वाजता. आकडा आणि अऽर यांच्यामध्ये जोडणारा झ किंवा त ऐकू येतो : दऽझऽर, त्र्वाझऽर, सीझऽर, युइतऽर. एकापुढे आकडा गेला की लिहिताना शेवटी एस लागतो, मात्र तो पुढच्या शब्दाशी जोडला गेला तरच ऐकू येतो.

सव्वा, साडे, पावणे ही मांडणी आपल्याला जड जाऊ नये. सव्वातीन 'त्र्वाझऽर ए कार', साडेतीन 'त्र्वाझऽर ए दमी', पावणेचार 'कात्रऽर म्वँ ल कार', म्हणजे पावशाने कमी चार. फक्त दीड आणि अडीच इथे साडेएक आणि साडेदोन होतात. अऽर स्त्रीलिंगी असल्यामुळे दमीच्या शेवटी ई लागतो. दुपारचे बारा म्हणजे 'मिदी', तो पुल्लिंगी. म्हणून 'मिदी ए दमी'मध्ये तो ई नाही. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, आणि परीक्षक नेमकं तिथेच बघतो.

तिकिटावर, सूचनेत, ईमेलमध्ये २४ तासांचं घड्याळ चालतं. संध्याकाळचे साडेसहा म्हणजे 'दीझ्युइतऽर त्राँत', अठरा तीस. २४ तासांच्या घड्याळाबरोबर ए कार, ए दमी जोडत नाहीत, मिनिटांचा आकडा म्हणतात. लिहिताना १८, मग जागा सोडून छोटा एच, पुन्हा जागा, मग ३०. मधे विसर्गासारखे दोन ठिपके देणं ही इंग्रजी सवय. छोट्या एचला अनेकवचन नाही आणि पुढे पूर्णविरामही नाही.

संत्र्याच्या व्यापाऱ्याला किंवा सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलीला पॅरिसशी फोन ठरवायचा असेल तर 'अऽर द पारी' असं स्पष्ट लिहावं. भारताची वेळ पॅरिसच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेचार तास पुढे आहे आणि उन्हाळी वेळेपेक्षा साडेतीन. घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तिकडचे १५ वाजले की नागपुरात उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. स्थानिक वेळ 'अऽर लोकाल', उन्हाळी वेळ 'अऽर देते'.

दुकानाच्या, दवाखान्याच्या, गाड्यांच्या वेळा म्हणायच्या तर 'ऑरेर' हा शब्द, बहुधा अनेकवचनात. शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकाला मात्र ऑरेरपेक्षा 'आँप्ल्वा द्यु ताँ' जास्त रुळलेला आहे.

वेळेवर आणि वेळेत

'गाडी वेळेवर आहे' आणि 'आम्ही वेळेत पोचलो' ही दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत नाहीत. पहिल्यात वेळापत्रक पाळलं गेलं : 'आ लऽर'. दुसऱ्यात अजून उशीर झालेला नव्हता, काम साधलं : 'आ ताँ'. नागपूर स्टेशनवर अर्धा तास उशिरा आलेली गाडी तुम्हाला धावतपळत मिळाली, तर गाडी आ लऽर नव्हती, पण तुम्ही आ ताँ होता.

इथे तो-ती नियमाला पहिला अपवाद आला. 'वेळेत' स्त्रीलिंगी वेळेचं रूप, तरी फ्रेंचमध्ये ताँ. असे आणखी दोन आहेत आणि ते पाठच करावेत : 'एकाच वेळी' म्हणजे 'आँ मेम ताँ', आणि 'अधूनमधून' म्हणजे 'द ताँझाँताँ'.

'जायची वेळ झाली' याला दोन्ही चालतात, पण छटा वेगळी. 'से लऽर द पार्तीर' म्हणजे ठरलेले वाजले, निघा. 'इले ताँ द पार्तीर' म्हणजे बराच उशीर झाला, आता निघायलाच हवं. 'तू निघायची वेळ झाली' असं कोणा एकाचं नाव घेऊन म्हणायचं तर 'इले ताँ क' आणि पुढे स्युब्जोंक्तीफ, म्हणजे इच्छा-गरजेच्या वाक्यात येणारं क्रियापदाचं वेगळं रूप. बी-वन पातळीच्या, म्हणजे फ्रेंच परीक्षांच्या मधल्या टप्प्याच्या, आधी या वाटेला न गेलेलं बरं.

घड्याळाशी संबंध नसलेली 'ती वेळ' म्हणजे मोमाँ. 'ही भांडायची वेळ नाही' : 'स ने पा ल मोमाँ द स दिस्प्युते'. शेवटच्या क्षणी 'ओ देर्न्ये मोमाँ'. आणि 'मजा आली' या अर्थाचं इंग्रजी 'हॅड अ गुड टाइम' इथेच येतं : 'पासे अँ बों मोमाँ'. तिथे 'बों ताँ' लिहिलं की अर्थ दुसरीकडेच भरकटतो.

फ्वा : आकड्याची सोबतीण

एफ-ओ-आय-एस. एकवचनातही शेवटी एस असतोच, तो काढायचा नाही. हे बजावून सांगण्याचं कारण असं की याच उच्चाराचे आणखी दोन शब्द आहेत. एसच्या जागी ई लिहिला तर अर्थ होतो यकृत. एस नुसताच गाळला तर श्रद्धा. 'मी तिला तीनदा भेटलो'च्या जागी तीन यकृतं येणं ही अगदी नेहमीची चूक आहे आणि स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर ती पकडेलच असं नाही, कारण तिन्ही शब्द बरोबर आहेत.

आठवड्यातून तीनदा : 'त्र्वा फ्वा पार समेन'. 'तून'साठी 'पार' लागतो आणि पुढे आर्टिकल नको. पहिल्यांदा 'पूर ला प्रम्येर फ्वा', मागच्या वेळी 'ला देर्न्येर फ्वा', पुढच्या वेळी 'ला प्रॉशेन फ्वा', या वेळी 'सेत फ्वा', दर वेळी 'आ शाक फ्वा'. 'पुष्कळदा'साठी 'प्ल्युझ्यर फ्वा' किंवा सरळ 'सुव्हाँ'. 'बोकू द फ्वा' ऐकायला ओबडधोबड वाटतं.

पाढ्यांमध्येही फ्वाच : 'त्र्वा फ्वा कात्र, दूझ', तीन चोक बारा. तिप्पट मोठं म्हणायचं तर 'त्र्वा फ्वा प्ल्यु ग्राँ', इथे प्ल्यु विसरू नका. औषधाच्या गोळ्या एका वेळी दोन असतील तर 'दऽ आ ला फ्वा'.

फ्वा आणखी काही शब्दांच्या पोटात बसलेला आहे. 'पार्फ्वा' आणि 'केलकफ्वा' म्हणजे कधीकधी, 'ओत्रफ्वा' म्हणजे पूर्वी. इंग्रजीत 'समटाइम्स' आणि 'सम टाइम' शेजारी बसतात, म्हणून 'कधीकधी'च्या जागी 'केलक ताँ' लिहिलं जातं. त्याचा अर्थ 'काही काळ'. तसंच 'सारखं, सतत' म्हणजे 'तू ल ताँ', आणि 'दर वेळी' म्हणजे 'आ शाक फ्वा'. 'तो सारखा उशिरा येतो' आणि 'तो दर वेळी उशिरा येतो' यांत मराठीत जेवढा फरक तेवढाच तिकडे.

तीन तासांत, तीन तासांनी, तीन तासांपासून

'इन थ्री अवर्स' या इंग्रजी शब्दांतून काम तीन तासांत उरकेल की तीन तासांनी सुरू होईल ते कळत नाही. मराठीत प्रत्ययच ते सांगतो, आणि फ्रेंचमध्ये शब्दयोगी. तासांत 'आँ त्र्वाझऽर'. तासांनी 'दाँ त्र्वाझऽर'. तीन तास सलग 'पाँदाँ त्र्वाझऽर'. तीन तासांपूर्वी 'इलिया त्र्वाझऽर'. तीन वाजता 'आ त्र्वाझऽर'. आँ आणि दाँ यांची अदलाबदल झाली तर अर्थ उलटा होतो : 'टॅक्सी दाँ दऽझऽर' म्हणजे दोन तासांनी येणार, दोन तासांच्या आत नव्हे.

'दप्युई' म्हणजे पासून. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, काळ. इंग्रजीत 'हॅव बीन वेटिंग' असल्यामुळे मुलं फ्रेंचमध्ये भूतकाळ लावतात. फ्रेंचला साधा वर्तमानकाळ हवा : 'जाताँ दप्युई त्र्वाझऽर'. नागपुरात 'मी तीन तासांपासून थांबून राहिलो ना बे' म्हणताना आपणही वर्तमानातच असतो. तेच डोक्यात धरून लिहा. दुसरी गोष्ट म्हणजे 'दप्युई त्र्वाझऽर'चे दोन अर्थ होतात, तीन तासांपासून आणि तीन वाजल्यापासून. संशय ठेवायचा नसेल तर तासांसाठी 'सा फे त्र्वाझऽर क जाताँ', आणि वाजण्यासाठी २४ तासांचा आकडा, 'दप्युई कँझऽर', पंधरा वाजल्यापासून.

'त्या वेळी' तीन प्रकारचं

'अॅट दॅट टाइम' दिसलं की ते क्षणाचं आहे, घड्याळाचं आहे की काळाचं, ते ठरवा. 'त्या वेळी लाइट गेली' हा क्षण : 'आ स मोमाँ ला'. 'त्या वेळेला इतवारीतली दुकानं बंद असतात' हे घड्याळ : 'आ सेतऽर ला'. 'त्या काळी नागपूर राजधानी होती' हा कालखंड : 'आ सेतेपोक'. १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि अशा वाक्यात एपोकसोबत अँपार्फे हा भूतकाळ येतो : 'आ सेतेपोक, नागपूर एते यून कापिताल'. क्षणाच्या वाक्यात सहसा पासे कोंपोझे, म्हणजे घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ. शब्द बरोबर निवडला तर काळही आपोआप बरोबर सुचतो.

व्याकरणातला 'काळ' मात्र एपोक नाही, तो ताँच. वर्तमान, भूत, भविष्य हे सगळे ताँ. संगीतातली मात्रा, म्हणजे ठेका, हाही ताँ : 'आ त्र्वा ताँ' म्हणजे तीन मात्रांचा. आणि इंजिनाचा स्ट्रोकही ताँ : 'मोतऽर आ कात्र ताँ', फोर स्ट्रोक. आकड्यानंतर ताँ आला की फ्रेंच कानाला ठेका नाहीतर इंजिन ऐकू येतं, ते यामुळे.

व्यापाराच्या पत्रात : देले आणि द्युरे

'डिलिव्हरी टाइम' म्हणजे माल पोचायला लागणारी, कबूल केलेली मुदत. तिला 'देले द लिव्हरेझों' म्हणतात. देले दिसायला इंग्रजी 'डिले'सारखा, पण अर्थ उशीर नव्हे. उशीर म्हणजे 'रतार'. 'दाँ ले देले' म्हणजे मुदतीत, ठरल्याप्रमाणे. फ्रेंच ग्राहकाने 'तुमचा देले किती' असं विचारलं आणि इकडे कोणी 'आमच्याकडे उशीर होत नाही' असं चिडून उत्तर दिलं, की सौद्याचा सूर बिघडलाच म्हणून समजा. शेवटची तारीख द्यायची असेल तर 'दात लिमित'.

प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर 'वेळ : ३ तास' असतं, इंग्रजी पत्रिकेत 'टाइम'. फ्रेंचमध्ये तिथे 'द्युरे', म्हणजे अवधी. फॉर्मवरच्या रकान्यात 'टाइम' असेल तर ते 'अऽर'. पार्ट टाइम नोकरी 'आ ताँ पार्स्येल', निम्म्या वेळेची 'आ मि-ताँ', आणि ओव्हरटाइम 'अऽर स्युप्लेमाँतेर'. फुटबॉलच्या सामन्यातला हाफ टाइमही 'मि-ताँ', पण तो स्त्रीलिंगी. नोकरीचा मि-ताँ पुल्लिंगी.

मशीनला देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

फोनवरच्या भाषांतराला नुसता 'टाइम' किंवा 'टाइम : ६' देऊ नका. संदर्भ नसला की ते अंदाज करतं आणि तो बहुधा ताँवर जातो. पूर्ण वाक्य द्या, शक्य असेल तर टाइमच्या जागी अवर, मोमेंट, ड्युरेशन असा नेमका शब्द घालून द्या. शब्दकोशात बघायचं तर सुटा अर्थ न बघता वापरासकट बघा. वर्डरेफरन्ससारख्या ठिकाणी एकेक अर्थ उदाहरणासह वेगळा दिलेला असतो, तिथे पहिल्या ओळीवर थांबायचं नाही.

मजकूर तयार झाला की पेन्सिल घेऊन प्रत्येक ताँखाली रेघ मारा. त्याच्या आधी आकडा आहे का? असेल तर तिथे फ्वा किंवा अऽर हवा. त्याच्या आधी काहीच नाही, ना ल, ना द्यु, ना द? तर आ ताँ, इले ताँ अशा ठरलेल्या जोड्या सोडून काहीतरी गळलं आहे. त्याच्या जागी 'हवा' वाचली तर वाक्य लागतं का? लागत असेल तर वाचणाराही तसंच वाचू शकतो, क्रियापद तपासा.

एक सूचना घेऊन बघू

समजा, पेंचला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी नागपूरच्या हॉटेलात इंग्रजी सूचना लावली आहे आणि तिचं फ्रेंच करायचं आहे. वेळा आणि अंतर कल्पित आहेत.

'प्लीज बी ऑन टाइम.' वेळेवर या. 'मेर्सी देत्र आ लऽर.' आ ताँ लिहिलं तर 'गेट बंद व्हायच्या आत पोचा म्हणजे झालं' असा अर्थ निघतो, आणि पाहुणे त्याप्रमाणेच येतील.

'एन्ट्री टाइम : सिक्स ए.एम.' प्रवेश सहा वाजता. 'आँत्रे : सीझऽर.' टाइमचा वेगळा शब्दच नको. लिहिताना आकडा ६ आणि जागा सोडून छोटा एच. सकाळ सांगण्याची गरज नाही, संध्याकाळ असती तर १८ लिहिलं असतं.

'ट्रॅव्हल टाइम फ्रॉम नागपूर : टू अवर्स.' प्रवासाचा अवधी. 'द्युरे द्यु त्राजे दप्युई नागपूर : दऽझऽर.' इथला दप्युई ठिकाणाचा आहे, त्यामुळे गोंधळ नाही.

'टी टाइम : फिफ्टीन मिनट्स.' मधला चहा. 'पोझ ते : कँझ मिन्युत.' 'लऽर द्यु ते' म्हटलं तर चहाची ठरलेली वेळ होते, पंधरा मिनिटांची सुट्टी होत नाही.

'डू नॉट स्टँड अप अॅट एनी टाइम.' कोणत्याही क्षणी उभं राहू नका. 'न व्हू लव्हे आ ओकँ मोमाँ.' नकारार्थी वाक्य आहे, पण एरवी नकारात 'न'च्या जोडीला येणारा 'पा' लागत नाही, ते काम ओकँ करतो.

'यू मे सी द टायगर टू ऑर थ्री टाइम्स, समटाइम्स नॉट अॅट ऑल.' दोन-तीनदा दिसेल, कधी अजिबात नाही. 'ओं व्ह्वा ल तीग्र दऽ ऊ त्र्वा फ्वा, पार्फ्वा पा द्यु तू.'

'हॅव अ गुड टाइम.' पाहुणे निघताना फ्रेंच माणूस इथे टाइमचा कुठलाच शब्द काढणार नाही. जेवायला बसणाऱ्याला 'बॉनापेती', प्रवासाला निघणाऱ्याला 'बों व्ह्वायाज', तसं यांना 'बों साफारी'.